पत्र्याला एटीकेटी नाही

मामांनी आयुष्यात एकही व्हॅन पास केली नाही, असं आमच्या धंद्यातले लोक सांगतात. हे साफ खोटं आहे. एक केली होती. ती शववाहिका होती. मामा तिच्याभोवती दोनदा फिरले, वाकून बुडाकडं बघितलं, मागचं दार उघडून पुन्हा लावलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "न्हे. ह्यातल्या पाशिंजराला आता काय धोका न्हाय. तू तेवढा संबाळून बस."

ड्रायव्हरला ते कौतुक वाटलं. तो पेढा घेऊन परत आला, तेव्हा मामांनी पेढा खाल्ला आणि त्याच्या मागच्या टायरवर खडूनं फुली मारली.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. सख्खे मामा मला दोन आहेत आणि दोघंही स्वभावानं बरे आहेत. हे मामा सगळ्या सोलापूरचे. गाडीच्या सरकारी तपासणीला आमच्याकडं कुणी फिटनेस म्हणत नाही, पासिंग म्हणतात. पासिंगच्या मैदानाच्या जरा अलीकडं, एका बाजूला झेरॉक्सचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला एजंट लोकांची टेबलं, यांच्यामधे चार पत्रे ठोकून केलेली एक टपरी होती. तिच्यात भंगारातून आणलेल्या बसच्या सीटवर मामा बसलेले असत. बसडेपोच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. बोर्ड नाही, पावतीपुस्तक नाही, कुणाची नेमणूक नाही. पण साहेबांसमोर गाडी नेण्याआधी मामांना दाखवायची, अशी पद्धतच पडून गेली होती. बोर्डाच्या परीक्षेआधी गावातल्या सगळ्यात खवचट मास्तराकडं सराव परीक्षा द्यावी, तशातला प्रकार. मास्तर नापास करणार हे माहीत असतं, पण बोर्डात काय विचारतील ते त्यालाच ठाऊक असतं.

अंगात पांढरा सदरा, खाली डेपोची जुनी खाकी पँट, कानामागं खडू आणि खिशात दाभण. हे दाभण पोती शिवायचं. वीतभर लांब, टोकाशी जरा वाकडं. बाकीचे मेकॅनिक गाडीचं बॉनेट उघडून सुरुवात करतात. मामा गाडीखाली सरपटत जात आणि बुडाच्या पत्र्याला दाभण टोचत. पत्र्यानं टोक अडवलं तर पुढची तपासणी. टोक आत गेलं तर तपासणी संपली, उठा.

"मामा, इंजन तरी बघा की. इंजन एक नंबर आहे."

"इंजन कशाला बघू? चूल चांगली हाय, पर घराला जमीनच न्हाय. सैपाक कुटं मांडनार?"

जुन्या व्हॅन घेणाऱ्या लोकांवर त्यांचा विशेष लोभ होता. नवीन गाडीवाल्याकडं ते ढुंकूनही बघत नसत. जुनी व्हॅन मात्र लांबून दिसली, की कानामागचा खडू काढायचे. मग समोरच्या काचेवर मार्कलिस्ट. ब्रेक, टायर, लाइट, दार, बेल्ट, पत्रा, एकाखाली एक, आणि समोर शंभरपैकी मार्क. ब्रेकला पस्तीस मार्क पडले म्हणून एक शेतकरी खूश झाला होता. त्याला मामांनी सांगितलं, "मालक, पस्तीस मंजी शंभर येळा पाय दाबला तर पस्तीस येळा थांबनार. उरलेल्या पासष्ट येळा काय करनार, उतरून धरनार?"

एकाच्या व्हॅनचे पुढचे दोन्ही दिवे दोन दिशांना वळलेले होते. मामा समोर उभे राहिले, डोळे बारीक केले. "ह्यो एक सांगोल्याकडं बघतोय, त्यो एक वैरागकडं. मधी सोलापूर अंधारात." दुसऱ्या एकाचा हँडब्रेक ओढला तर नुसताच वर आला, बोट दाखवल्यासारखा. मालकानं घाईघाईनं सीटखालून वीट काढून दाखवली. चाकाखाली लावायला. मामांनी वीट हातात घेऊन उलटीपालटी केली. "वीट पास हाय," म्हणाले. तिसऱ्यानं सीटबेल्ट कव्हरच्या आत शिवून टाकले होते.

"बेल्ट कुटं हाय?"

"आत आहे, मामा. खराब होऊ नये म्हणून."

"आन मानूस?"

मागं घेताना आरतीची चाल वाजवणारा हॉर्न एकानं बसवला होता. मामांनी ती चाल हात जोडून पूर्ण ऐकली. "चांगलं केलंस. मागं जो गावंल, त्याची सोय झाली."

सुतळीनं बांधलेलं सरकतं दार दिसलं, की ते दाराशी बोलत. मालकाशी नाही. "कुनी बांदलं गं तुला? दावनीला म्हस बांदावी तसं?"

लोक शिव्या घालत, समोरासमोर घालत. मामा त्या अगदी कान देऊन ऐकत आणि मधेच म्हणत, "तुज्या आवाजापेक्षा तुज्या सायलेन्सरचा आवाज मोटा हाय, त्यो आधी बंद कर."

असा माणूस असा का झाला, याची एक गोष्ट मैदानावर फिरत असे. कुणी म्हणे, त्यांचा नातू शाळेच्या व्हॅनमधून पडला. कुणी म्हणे, नातू नाही, बहीण. मी शिकलेला माणूस, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. सरळ विचारलं. मामा इतके हसले की चष्मा दोरीला लोंबकळायला लागला. "माजा नातू पुन्यात हाय. पडत न्हाय त्यो, लई जाड झालाय." मग जरा वेळानं म्हणाले, "अरं, देवानं कान दिले, पर झाकन न्हाय दिलं. गाडी रस्त्यानं गेली की मला ऐकू येतंय तिला काय होतंय ते. मी काय करू? लोकांना वास येतो, मला आवाज येतो."

हे खरं असावं, कारण ह्या आजारातून त्यांनी घरच्यांनाही सोडलं नव्हतं. सख्ख्या भाचीच्या लग्नात, फुलं लावलेली गाडी मंगल कार्यालयाकडं निघाली होती. मामांनी ती चौकात अडवली. पुढच्या टायरची तार दिसत होती. नवरा-नवरीला खाली उतरवलं आणि बँडमागून चालत नेलं. बँडवाले खूश, कारण रस्ता लांबला. फोटोही झकास आले. पाहुण्यांनी मामांशी बोलणं मात्र त्या दिवसापासून टाकलं. मामा म्हणत, "जिवंत हायत म्हनून बोलत न्हाईत. ह्यातच आलं."

टपरी आता राहिली नाही. रस्ता रुंद झाला, आणि पासिंगही म्हणे आता सगळं मशीनवर होणार. मशीनला खवचटपणा येत नाही, तेवढं एक बरं. मामा मुलीकडं राहायला गेले. जावयाची गाडी सध्या दारात उभी असते आणि जावई दुचाकीनं कामाला जातो, असं ऐकतो.

आता माझं सांगतो, कारण मामांनी सगळ्यात जास्त छळ केला असेल तर तो माझा.

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी विचारल्याशिवायही सांगतो, लाज कसली? आमचे तात्या वैरागच्या बाजारात हमाल. चाळीस वर्षं त्यांनी पोती उचलली आणि पोती शिवली. मला सोलापूरला कॉलेजला घातलं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला माझे दोन विषय राहिले. अशा मुलाला एटीकेटी मिळते, म्हणजे पुढच्या वर्गात बसा आणि मागचं सोडवत राहा. मी वैरागला गेलो. तात्यांनी अडत दुकानाच्या पायरीवरूनच ओरडून विचारलं, "काय मिळालं रं?"

मी मान खाली घालून म्हणालो, "एटीकेटी."

तात्यांनी मान वर केली आणि बाजारभर पेढे वाटले. पोराला एटीकेटी मिळाली! इतक्या इंग्रजी अक्षरांची गोष्ट आमच्या घरात त्याआधी कुणाला मिळालेली नव्हती. मी चार वेळा तोंड उघडलं, चारही वेळा त्यात पेढा आला. पुढं दोन्ही विषय सोडवले, डिग्री खरी घेतली, ती वैरागच्या घरात भिंतीवर आहे. पण ते एक वाक्य राहून गेलं ते गेलंच.

नंतर मी एका चादरीच्या दुकानात गिऱ्हाइकांना चादरी उलगडून दाखवायची नोकरी केली. उलगडणं सोपं असतं, घडी घालायला ग्रॅज्युएट लागतो. ती नोकरी सोडून मी शाळेच्या मुलांची ने-आण करायचं ठरवलं. सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्याकडून जुनी व्हॅन घेतली. जुळे सोलापुरातल्या एकाच सोसायटीतली अकरा मुलं ठरली. अकराही आयांनी मला एकच प्रश्न विचारला, "गाडीचं पासिंग आहे ना?" पासिंग संपलेलं होतं. मी म्हणालो, "होतंय." शाळा उघडायला दोन आठवडे होते. तेवढ्यात पासिंग झालं नाही तर अकरा मुलं दुसऱ्या व्हॅनमधे बसणार आणि मी चादरींकडं परत जाणार, इतका सोपा हिशेब होता.

तेवढ्यात पूजेसाठी गाडी वैरागला नेली. पूजा झाली. मी जेवून बाहेर येतो, तर तात्यांनी पेंटर बोलावून मागच्या काचेवर माझं नाव टाकून घेतलं होतं. नावापुढं ठळक अक्षरात, बी.कॉम., ए.टी.के.टी.

पुसायचं तर कारण सांगावं लागणार. मी ग्रॅज्युएट असल्यामुळं कारण टाळायचं कसं, ते मला येत होतं. पुसलं नाही.

ती काच घेऊन मी मामांसमोर गेलो. मामा मागून चालत आले, थांबले, अक्षर अक्षर लावून वाचलं. "बीकॉम समजलं. ह्ये दुसरं काय हाय?"

भोवती सात-आठ ड्रायव्हर. मी हळू आवाजात सांगितलं, पण मामांचे कान तुम्हाला सांगितलेच आहेत.

"मंजी नापास?"

"नापास नाही. दोन विषय राहिले तरी वरच्या वर्गात बसू देतात. मागाहून सोडवायचे."

"नापासाला वरच्या वर्गात बसवायची सोय!" मामा बसच्या सीटवर बसले, उठले, पुन्हा बसले. "कुनी काडलं रं ह्ये? लई ग्वाड हाय की!"

त्या दिवसापासून मामांच्या मार्कलिस्टवर नवीन शेरा आला. वायपर बंद असला तर एटीकेटी. "सोलापुरात पाऊस येस्तोवर येळ हाय." खिडकीची काच अर्ध्यावर अडकत असली, रंग उडालेला असला, तर एटीकेटी. ड्रायव्हर लोक एकमेकांना विचारायला लागले, "तुला किती एटीकेट्या?" माझ्या शिक्षणाचा समाजाला उपयोग झाला तो इतकाच.

माझ्या गाडीचं बाकीचं सगळं जमण्यासारखं आहे, असं मामांनी सांगितलं. ब्रेक डावीकडं ओढत होता, तो मी नीट करून घेतला. दिवे सरळ केले. दाराचा रूळ बदलला. राहिले दोन विषय. टायर, पार गुळगुळीत. आणि मागचा बुडाचा पत्रा. डाळिंबाचा रस वर्षानुवर्षं झिरपून तो आतून सडला होता. मामांनी गाडीखालून हात बाहेर काढला, तेव्हा दाभणाच्या टोकाला तांबडा भुगा होता.

"मामा, टायर बघतो. पत्र्याला तेवढी एटीकेटी द्या की. दिवाळीच्या सुट्टीत करून घेतो."

"वायपरला मागितली असती तर दोन दिल्या असत्या."

"शाळा सोमवारी उघडतेय, मामा. अकरा पोरं आहेत."

"म्हनूनच. पत्र्याला एटीकेटी न्हाय. ह्ये पयल्याच वर्गात सुटलं पायजे. पोरगं दुसऱ्या वर्गात जायला तर पायजे."

मी तिथून सरळ शेजारच्या टेबलाकडं गेलो. तिथला एजंट सगळं ऐकत होता.

"काय मालक, कशाला म्हाताऱ्याच्या नादाला लागलाव?" तो म्हणाला. "आपल्याकडं सेट आहे की."

सेट म्हणजे चार चांगले टायर, आग विझवायचा लाल डबा आणि औषधाची पेटी. सकाळी गाडीला लावायचं, पासिंग करून आणायचं, दुपारी काढून परत द्यायचं. तेच चार टायर वर्षाला किती गाड्यांचं पासिंग करून आले असतील ते त्यांनाच माहीत. खरं तर डिग्री त्यांना द्यायला हवी. मी सेट घेतला. सडक्या पत्र्यावर नवी कोरी रबरी मॅट टाकली आणि चारी कडांनी चिकटवली.

साहेब कडक होते. ब्रेक स्वतः मारून बघितला, दिवे बघितले, टायरवर हात फिरवला, गाडीखालीही वाकले. खाली मी आदल्या दिवशी काळा रंग मारून ठेवला होता. साहेबांची काही चूक नव्हती. मॅट उपटून बघा, असं त्यांना सांगायला हवं होतं ते मी, आणि मी तेवढा प्रामाणिक नव्हतो.

गाडी पास झाली.

शनिवारी तात्या वैरागहून आले. पोराची गाडी सोमवारपासून चालू होणार, म्हणून धुतलेलं धोतर, नवी टोपी. मला काय दुर्बुद्धी झाली, मी त्यांना पुढं बसवलं आणि गाडी मामांच्या टपरीसमोर नेऊन उभी केली. अपमान केलेल्या माणसाला सर्टिफिकेट दाखवण्याचं सुख असतं, ते मला हवं होतं. मामांनी कागद चष्म्यासमोर धरला.

"कागूद झ्याक हाय," ते म्हणाले. "कागदाला गंज लागत न्हाय."

तात्या खाली उतरले. नमस्कार केला. "मालक, तुमीच का ते? पोरानं लई सांगितलंय तुमच्याबद्दल."

मी काय सांगितलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"तुमी काय करता, तात्या?" मामांनी विचारलं. मामा कुणाशी इतकं सरळ बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"हमाल हाय जी. पोती शिवतो."

मामांनी खिशातून दाभण काढलं आणि तात्यांपुढं धरलं. ज्याची वस्तू त्याला परत द्यावी, तसं. तात्यांनी त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. "जुनं हाय. आता असलं मिळत न्हाय. तुमी बी पोती शिवता?"

"मी उसवतो," मामा म्हणाले. "मागं चढा. ती मॅट उचला आन टोचून बघा. मी सांगत न्हाय काय. तुमचा हात काय सांगतोय ते बघा."

"तात्या, मॅट चिकटवलीय, नवीन आहे, राहू द्या," मी म्हणालो.

शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाला रबरी मॅट काय करणार? खर्रकन् निघाली. तात्या गुडघ्यावर बसले आणि त्यांनी दाभण टेकवून दाबलं.

मी लहानपणी बाजारात तात्यांशेजारी बसून दाभण पोत्यात जातानाचा आवाज रोज ऐकला आहे. अगदी तोच आवाज आला. तात्यांनी दाभण काढून वीतभर पलीकडं टोचलं. तोच आवाज. तिसऱ्यांदा त्यांनी नुसता अंगठा दाबला आणि पत्र्याचा तुकडा खाली रस्त्यावर पडला. भोकातून डांबर दिसत होतं.

"हितं पोरं बसनार?" तात्यांनी वर न बघता विचारलं.

"हो."

"किती?"

"अकरा."

"आन ह्ये पास हाय?"

आणि मी, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, काय बोललो ते लिहितो. मी म्हणालो, "एटीकेटी आहे, तात्या."

तात्यांचा चेहरा एकदम उजळला. "आसं व्हय! मंग बरं हाय की. मी घाबरलो की रं." आणि ते मॅट पुन्हा जागच्या जागी बसवून हातानं थापटायला लागले.

मी मामांकडं बघितलं. ह्या माणसानं शववाहिकेच्या ड्रायव्हरला सोडलं नव्हतं, भाचीच्या वरातीला सोडलं नव्हतं. एका वाक्यात माझा निकाल लागला असता. मामा गप्प बसले. रस्त्याकडं तोंड करून, जणू त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांना ऐकू न आल्याचं मी तेवढं एकदाच बघितलं.

तात्या थापटत होते. मॅटचा एक कोपरा बसत नव्हता, तो ते अंगठ्यानं दाबत होते. अंगठ्याखाली भोक होतं.

"तात्या," मी म्हणालो, "एटीकेटी म्हणजे नापास."

त्यांचा हात थांबला. "कवापासनं?"

"पहिल्यापासून."

तात्या गाडीच्या काठावर येऊन बसले. टोपी काढली, बघितली, पुन्हा घातली. "मंग मी पेढे कशाचे वाटले?"

"नापासाचे."

मग मामांनीच विचारलं, "ग्वाड होते का?"

"तर! चांगल्या दुकानातनं आनले होते," तात्या म्हणाले.

"मंग झालं तर. लोकांनी खाल्ले की."

तात्या हसले नाहीत. माझ्याकडं वळले. "आन भितीवर लावलीया ती डिग्री?"

"ती खरी आहे. नंतर सोडवले दोन्ही विषय. अभ्यास करून सोडवले."

तात्यांनी दाभण मामांच्या हातात दिलं आणि बोटानं बुडाचा पत्रा दाखवला. "मंग ह्यो बी सोडव. आन तवर पोरास्नी हात लावू नगंस."

रविवारी मी सोसायटीतल्या अकरा दारांसमोर उभा राहिलो. खिशात पास झालेला कागद आणि तोंडानं सांगायचं की गाडी नापास आहे. पहिल्याच दारातल्या बाईंनी विचारलं, "मग सर्टिफिकेट मिळालं म्हणालात ना?"

"मिळालंय. सर्टिफिकेट चांगलं आहे. पत्रा वाईट आहे."

"हे कोण म्हणालं?"

"माझे वडील."

"ते गाडीतलं काम करतात का?"

"नाही. पोती शिवतात."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की चादरीच्या दुकानात कुठली चादर दाखवली तरी गिऱ्हाईक तसं बघत नाही. सात घरांनी त्याच संध्याकाळी दुसरी व्हॅन ठरवली. त्या व्हॅनमधे, कागदाप्रमाणं, काहीही खराब नव्हतं. चार घरांनी मला तीन आठवडे दिले. तीन आठवडे मी त्या चार मुलांना रिक्षातून शाळेत सोडत होतो आणि तिकडं डेंटर माझ्या गाडीचं बूड कापून काढत होता. टायर नवीन घेतले, माझे स्वतःचे. चादरीच्या दुकानात दुपारी अर्धा दिवस परत उलगडायला लागलो. मालक म्हणाले, "आलात का परत?" मी म्हणालो, "एटीकेटी लागली, शेठ." त्यांना कळलं नाही. बरं झालं.

गाडी तयार झाली तेव्हा मी मामांकडं गेलो नाही. नापास व्हायची आता हौस राहिली नव्हती. सोमवारी सकाळी सोसायटीच्या फाटकात गाडी लावली, तर फाटकाशेजारच्या कट्ट्यावर मामा बसलेले. कुणी सांगितलं, कसे आले, काही बोलले नाहीत. सगळी दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या, चारातली तीन मुलं आत चढली. त्यांच्यामागून मामाही चढले आणि मधल्या सीटवर बसले.

"हे कोण?" त्या पहिल्या दारातल्या बाई मुलीचा हात धरून उभ्या होत्या.

मी सांगायच्या आत मामांनीच मुलांना हुकूम सोडला. "पाय आपटा."

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. घरी, शाळेत, देवळात, सगळीकडं पाय आपटू नका हेच ऐकलेलं.

"आपटा की! जोरात. शाळंचे बूट हायत न्हवं?"

मग काय विचारता! मुलांनी जी सुरुवात केली, समोरच्या बाल्कनीत माणसं आली. सहा बूट आणि मामांच्या दोन वहाणा. धडाड धडाड गाडी हलत होती, बाई "अहो, अहो" म्हणत होत्या. मामांनी मान तिरपी करून एक कान खाली झुकवला होता. बराच वेळ तसेच बसले. मी स्टेअरिंगवर हात ठेवून आरशात त्यांचं तोंड बघत होतो. बी.कॉम.च्या निकालाची यादीही मी इतकी निरखून बघितली नव्हती.

मामांनी हात वर केला. मुलं थांबली. ते सावकाश खाली उतरले, बाईंच्या हातातल्या मुलीला उचलून आत बसवलं, दार सरकवून लावलं, ओढून बघितलं. मग खिडकीशी आले.

"चल," मामा म्हणाले.